निळ्या दिव्याखाली तांबं

रात्री साडेअकराला प्रतापगंजच्या प्रयोगशाळेत
दोनच गोष्टी जाग्या असतात :
निळ्या दिव्यांचं कडं, आणि मी.

कड्याच्या मधोमध काचेची कुपी.
तिच्यात मोहरीएवढंही नसेल इतकं तांबं,
दोन्ही अंगांनी कर्बाच्या चपट्या कड्यांनी
कवेत घेतलेलं.
रंग विड्याच्या पिंकेचा.
अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडून
आतली हवा हाकलली आहे;
हवा लागली की ते हिरवं पडतं, कामातून जातं.
बाबांच्या भाषेत, कळकतं.
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकावं तसं.

बाबा तांबट. मांडवीत बसून चाळीस वर्षं
घागरींच्या पोटावर मठार काढला,
एका ठोक्याशेजारी दुसरा,
बरोबर अंतरावर, न मोजता.
माझं तांबं ठोके खात नाही.
त्याला नुसता उजेड लागतो.

निळा किरण पडला की ते क्षणभर अस्वस्थ होतं,
साखळीच्या टोकावरची ब्रोमीनची टोपी उचलतं.
उघडं टोक पुढच्या रेणूचा हात धरतं,
तो त्याच्या पुढच्याचा,
पाच, सात, कधी एखाद-दुसराच,
की तांबं टोपी परत ठेवतं, जिथल्या तिथे.
आपल्यात टोपी घालणं म्हणजे फसवणं.
इथे तसं नाही.
इथे टोपी घातली म्हणूनच
साखळी मरत नाही, नुसती थांबते.

बाराला दहा कमी असताना लाइट गेली.
प्रतापगंज, फतेहगंज, रुळांपलीकडची अलकापुरीसुद्धा.
पंखा फिरत फिरत थांबला.
विश्वामित्रीच्या अंगाला कुठलंसं कुत्रं भुंकलं.
नटूभाई दारात : “बेन, टॉर्च लावुं?”
मी ओरडलेच, नको!
मग ओशाळून म्हटलं, आत काम अर्धं आहे,
भलत्या उजेडात त्याला जाग यायला नको.
नटूभाईंना हे लगेच पटलं.
त्यांच्या नातवाचंही असंच आहे म्हणाले,
आणि स्टुलावर बसून काळोखात तंबाखू मळू लागले.

सव्वा तास.
एकेचाळीस टक्क्यांवर थांबलेल्या साखळ्या,
मोजता येणार नाहीत इतक्या,
टोप्या घालून बसलेल्या,
कुठपर्यंत आलो ते न विसरता.

लाइट आली. अर्ध्या तासाने थेंब काढून पाहिला :
सत्तेचाळीस.
त्यात जुन्या किती लांबल्या, नव्या किती जन्मल्या
ते उद्या यंत्र सांगेल. रांग आहे, कदाचित परवा.
मी वहीत वेळ लिहिली, काळोखाचीही.

पहाटे दुधाची पिशवी घेऊन घरी.
बाबा जमिनीवर, दाराकडे पाठ,
एका घंगाळाच्या कानाला चिंच चोळत.
ठोक्यांनी त्यांचे कान केव्हाच नेले;
हाक मारून उपयोग नाही, हात लावला तर दचकतात.
मी दाराजवळचं बटण दोनदा दाबते.
खोली विझते, उजळते, विझते, उजळते.
ते वळतात.
काल मी निघताना सांगत होते
कुणा जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट,
तिथूनच पुढे :
“...आणि झाकण मात्र पितळेचं निघालं.”