मानमोडी

दिवसा कोंबड्या कुणाच्याच नसतात.
उकिरडा, कुडाची सावली, मोहाखालचा पाचोळा,
जिथे मिळेल तिथे उकरतात.
तिन्हीसांजेला खुराड्यात शिरल्या
की मग कळतं, कुणाच्या किती.

म्हणून मी रात्री जाते.
खांद्याला थर्मास,
त्यात मुरबाडच्या मासेवाल्याकडून मागून आणलेला बर्फ,
बर्फात बोटाएवढी बाटली.
शंभर डोसांची. एकदा फोडली
की दोन तासांत संपवायची.
आमच्या पाड्यात कोंबड्या एकसष्ट.

हातात धरली की कोंबडी एकदम हलकी होते.
बॅटरीच्या उजेडात डोळा. एक थेंब.
पापणी खालून वर मिटते.
पुढची आण.

सोमी खाकर म्हणाली, माझ्या तलंगांना नको,
अंडी बंद होतात.
तिला पटावं म्हणून
मी तिची चितकबरी तलंग मांडीवर घेतली,
कुरवाळली, गप्पा मारल्या,
आणि तशीच उठले.

नवव्या दिवशी तीच पहिली.
मान पाठीकडे पिळवटलेली,
जशी काही पाठीवरचं वाचत होती.
मग तुर्रेवाला कोंबडा, मग रवणावरची,
खाली अंडी अजून कोमट.
खड्डा खणला, चुना टाकला.
बाया म्हणाल्या, ऐकलं नाही ना ताईचं,
भोग आता.
सोमी काही बोलली नाही.
मीही नाही.

कारण त्या रात्री सोमीच्या आधी
मी कमळू आगिवलेच्या अंगणात होते.
त्याची बाजारातून आणलेली कोंबडी
डालग्याखाली मान आत ओढून बसलेली,
खाली हिरवी शीट.
मी म्हणाले, उन्हानं असेल.
थेंब टाकला
आणि त्याच चपलांनी,
त्याच हातांनी
ओढा ओलांडला.

कमळूनं उरलेल्या सात
उजाडायच्या आत विकल्या.
कुठल्या पाड्यावर गेल्या, कुणाच्या ताटात,
माझ्या वहीत नाही.
वहीत फक्त रकाना आहे :
लस दिली, लस दिली, नकार.

चैत्रात सोमीनं बहिणीकडून
अकरा पिल्लं आणली.
या खेपेला निरोप तिचाच.
बॅटरीही तीच धरून उभी.

मी उंबऱ्याबाहेर चपला काढते,
पोटॅशच्या गुलाबी पाण्यानं पाय धुते,
हात कोपरापर्यंत.
ती हसते.
ये की आत, म्हणते,
बाहेर काय पाय धुतेस?
तू काय परकी आहेस?

मी अजून एक तांब्या ओतते.
बर्फ वितळत असतो.
आत पिल्लं
एकमेकांच्या अंगात शिरून
बारीक ओरडत असतात.