दोन मिलिमीटर

बांबोळीला डॉक्टर मिनेझिस
दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावतात,
पट्टी ठेवतात माझ्या मांडीच्या हाडावर.
दांडा दोन मिलिमीटर खाली उतरलाय, म्हणतात,
सहा महिन्यांपूर्वीही दोनच होता.
म्हणजे बसला?
बसला.

हा शब्द मला त्यांच्याही आधीपासून ओळखतो.
चाळीस वर्षं मंडूरच्या खाजनात मानस राखली.
नवा बांध पहिल्या दोन पुनवांत वीतभर बसतोच;
जो बसत नाही त्याची भीती धरावी, बाप म्हणायचा,
आत पोकळ असतो.

पहिला खुबा चौदा वर्षं चालला.
मग रात्री कूस बदलताना आतून टक् व्हायचं.
कुर्ल्या बांध पोखरतात ना, तसंच,
वरून गवत हिरवंगार.
"सगुणबाब, हाड फारसं उरलं नाही. भर घालावी लागेल."
कसली?
हाडाचीच. दुसऱ्या कुणाच्या.

मी एक मेलेला माणूस डोळ्यांसमोर आणला.
चालायला शिकवणारी लविना हसली:
मेलेला कशाला? कुणाचा तरी खुबा बदलला असेल,
काढलेला गोळा फेकला नाही, गोठवून ठेवला.

म्हणजे असं कुणी तरी आहे,
काणकोणचं असेल, कुंभारजुव्याचं,
मी बाईच धरून चाललोय,
जिला नकोसं झालेलं हाड
दाणादाणा करून माझ्यात ठासलंय.
ती स्वतः धातूच्या खुब्यावर उभी राहून
शुक्रवारी म्हापशाला मिरच्यांचा भाव पाडत असेल.

ठासणं मला कळतं.
चिखल, पेंढा, चिखल, दर थराला टाच.
घाई केलीस तिथूनच उधाण आत येतं.
पण सहा आठवडे फक्त वीस किलो, लविना म्हणाली,
आणि वजनकाटा पुढ्यात सरकवला.
पाऊल दाबायचं, काटा विसावर आला की थांबायचं.
कोरगुटाच्या अख्ख्या गोणी वाहिलेला पाय,
त्याला अर्धीहून कमी गोण कळेचना.
काटा तिसावर जाई. ती ओरडे.

आधी रक्त पोचतं म्हणे त्या दाण्यांपर्यंत,
मग ते झिजत जातात
आणि त्यांच्या जागी माझं हाड उभं राहतं.
म्हणजे ती बाई हळूहळू निघून जाईल.
किती दिवसांत, विचारलं.
वर्ष, दीड वर्ष. कधी थोडी उरतेही.

काल काठी घेऊन बांधावर गेलो.
मानस आता लिलावात रुझारनं घेतलीय.
मानशीच्या उजवीकडे त्यानं नवी भर घातली होती.
बघ रे, बसेल का, म्हणाला.
मी काठी त्याच्या हातात दिली,
नव्या पायाची टाच दिली, हलकेच,
मग जरा जोरात.
वीस किलोंहून नक्कीच जास्त.

घरी येऊन कॅलेंडरवर पुढच्या एक्स-रेची तारीख लिहिली,
भरती-ओहोटीच्या रकान्यात,
पुनवेच्या दुसऱ्या दिवशी.
बांध बघायला जायचा दिवस तोच असतो.