पुरावा ब

कोर्टात माझ्या तोंडातला 'मी' माझा नसतो.
आरोपी म्हणतो, मी चोरी केली नाही,
की दोन श्वासांनंतर मीही म्हणते इंग्रजीत,
मी चोरी केली नाही.
पूर्व केपमधल्या या गावात एकोणीस वर्षं
मी रोज दुसरंच कुणीतरी असते.

आज मी म्झुकिसी मापुकाता आहे.
नगरपालिकेचा प्लंबर, वय चोपन्न.
थकबाकीदारांच्या मीटरमागे चकती बसवायची, हे माझं काम.
ती समोर टेबलावर आहे, पिशवीत, चिठ्ठी लावून : पुरावा ब.
बटणाएवढी, पितळी, मधोमध भोक.
नियमाने त्यातून मोहरी जेमतेम जावी.
हिच्यातून वाटाणा जाईल.

"हे भोक कुणी मोठं केलं?"
मी केलं, तो म्हणतो. मी केलं, मी म्हणते.
"कशाने?"
घरच्या ड्रिलने. पालिकेचं वापरलं नाही,
ते सरकारी कामासाठी असतं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तो हसला नाही.

चारशे बारा चकत्या बसवल्या मी. ही एकच पुन्हा काढली.
नोक्वाखाबाईंकडे अंगणातल्या खोल्या धरून अकरा माणसं,
कागदावर एक घर. घरामागे दिवसाला दोनशे लिटर.
नवरा अंथरुणात. त्याची चादर त्या आंघोळीच्या पाण्यात धुतात,
मग तेच पाणी संडासात.
चकती बसवून झाल्यावर त्यांनी मला चहा विचारला.
मी घेतला.

तो थांबला. मीही थांबले.
थांबण्याचं भाषांतर करायचं नसतं, तरी.

आमच्या खोसा भाषेत पाणी अनेकवचनी असतं, अमान्झी.
आली, गेली, संपली, पाहुण्यांसारखी.
इंग्रजीत नेताना मी त्यांचं एकवचन करते.
इतक्या वर्षांत कुणाचीच हरकत आलेली नाही.

पालिकेची वकील तरुण होती, आवाज न चढवता बोलली.
धरणात अकरा टक्के उरलंय.
पुरेशा पाण्याचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिलाय, मान्य,
पण 'प्रत्येकाला' यात टेकडीवरचेही आले.
खालच्या गल्लीत एक भोक वाढलं
की शेवटच्या नळाचा दाब उतरतो.
दया करणाऱ्याला तो नळ दिसत नाही, एवढंच.

मी हे म्झुकिसीच्या कानाशी सांगितलं, शब्द न गाळता.
टेकडीवर, शेवटची रांग, सतरा नंबर.
तो नळ माझा आहे.
जूनपासून मी पहाटे तीनला बादली लावते.
सांगायचं तर कोणत्या 'मी'ने सांगणार?

न्यायदंडाधिकाऱ्यांनी पिशवी उजेडात धरली,
भोकातून खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ,
मुलं पाहतात तसं.
मग चष्मा लावून वाचलं : दोषी. शिक्षा निलंबित.
पालिकेने तीस दिवसांत त्या घरातली डोकी मोजावीत.
कायदा मला इथपर्यंतच आणतो, असं म्हणाले,
आणि 'इथपर्यंत' म्हणताना त्यांचा हात
टेबलावरच्या पाण्याच्या जगला लागला.
थोडं सांडलं.
शिपायाने ते फायलीच्या पुठ्ठ्याने सारलं.

बाहेर पायऱ्यांवर म्झुकिसी म्हणाला, छान बोललात तुम्ही.
मी म्हटलं, बोललात तुम्हीच.
नोकरीचं काय, ते मी विचारलं नाही.

पहाटे तीन. नळ आधी खोकला, मग हवा,
मग दोऱ्याएवढी धार.
बादली भरेपर्यंत उभी राहून घरातली डोकी मोजली. चार.
मग मागच्या खोलीतला भाडेकरू आठवला, त्याची बायको, बाळ,
जे मी अर्जात लिहिलेले नाहीत.