ठराव क्रमांक सात

केरीच्या पंचायतीत
पणजीहून आलेल्या बाईंनी पडद्यावर
बाणांचं एक वर्तुळ दाखवलं.
पंखा बंद होता. कुणीतरी विचारलं,
"भट्टीमागचा बोंडूंचा चोथा
ह्यात नेमका कुठं बसतो?"

मी सचिव. माझ्या नमुन्यात दोनच रकाने :
माल, नाहीतर कचरा.
मालाला परवाना, कचऱ्याला दंड.

सत्यवती गावस उठली, मागच्या बाकावरून :
"माझी गाय रकाना बघून खात नाही.
उरेल ते कुळागरात, पोफळींच्या आळ्यात.
दर ठरवा, गाडी कुणाची ते ठरवा,
मग काढा वर्तुळं."

बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

मी पट्टीनं तिसरा रकाना आखला,
नाव सुचेना. कोराच ठेवला
आणि खाली गोल शिक्का मारला.
कागदाला आंबूस वास येत होता.