दार बंद

पर्वरीच्या सरकारी इमारतीत
बारा वर्षं मी लिफ्ट चालवतो.
चालवतो म्हणजे, बटण दाबतो.
दाबता कुणालाही येतं,
पण साहेबलोकांचे हात मोबाईलमध्ये असतात.

त्याआधी पिळगावच्या जेटीवर होतो.
हिरवं दाबलं की पट्टा सुटायचा,
खनिज बार्जच्या पोटात धडाधड.
एका दुपारी सुपरवायझर म्हणाला,
गुरुदास, लाल दाब.
दाबलं.
हिरव्याची पाळी परत आलीच नाही.

आता आमदार चढतात.
सोमवारी या पक्षाचे, गुरुवारी त्या.
मजला तोच.
मी न विचारता तीन दाबतो.

एक गोष्ट कुणाला सांगत नाही:
'दार बंद'चं बटण
चार वर्षं कशालाच जोडलेलं नाही.
दार आपल्या वेळेला लागतं.
तरी सगळे दाबतात, पुन्हा पुन्हा दाबतात,
आणि लागलं की
आपणच लावलं असा चेहरा करतात.

मतदानाला गावच्या शाळेत गेलो.
पुठ्ठ्याच्या आडोशाला बोट टेकवलं.
काचेआड चिठ्ठी सात सेकंद थांबली,
मग पडली.
लांबलचक बीप,
घरच्या वॉशिंग मशीनसारखा.

माझ्यामागची शेवंतीमावशी बराच वेळ आत.
बाहेर येऊन म्हणाली,
"जोर लावून दाबलं रे,
उद्या म्हणतील, वाजलंच नाही."

निकालानंतर नवे साहेब लिफ्टमध्ये शिरले.
मी तीनवर बोट नेलं
आणि थांबलो.
सहाव्या की सातव्या सेकंदाला
त्यांनी मोबाईलमधून मान वर केली.