पोच

आई बाजारात कधी ओरडली नाही.
चावडीच्या आठवडी बाजारात,
सुक्या बांगड्यांची ओळ संपते तिथं
गोणपाट अंथरून ती बसायची
आणि कुणी समोर थांबलं की
एक मिरची उचलून त्याच्या नाकाखाली मोडायची.
बस्स.
माणूस शिंकला की सौदा पक्का.
नाही शिंकला तर म्हणायची,
'तुका थंडी जाल्या. फुडल्या आठवड्याक यो.'

दोन बोटं, एक मिरची, दुसऱ्याचं नाक.
तीस वर्षांत हीच तिची जाहिरात.

मी मडगावात बी.कॉम. करून परत आले
आणि तिच्या मिरच्यांना नाव दिलं:
'रुक्माबाय मिरसांग, खोल'.
फोटोसाठी मिरच्या पांढऱ्या चादरीवर ओतल्या.
तिनं विचारलं, चादर कोण धुणार?
मीच धुतली. डाग अजून आहे.

आमच्याकडं नेटवर्क
काजूच्या एका वाकड्या झाडाखालीच येतं.
तिथं उभी राहून, मुंग्या झटकत, मी ठरवत होते
माझी आई कुणाला दिसावी:
वय पंचवीस ते पन्नास,
शहर पुणे, सांगली, बेळगाव,
आवड: स्वयंपाक, मासे, घरगुती.
दिवसाला दीडशे रुपये.

'आवड कशी कळता तांकां?'
मी म्हटलं, लोकांचं बोट कुठं थांबतं
ते मोजतात.
ती गप्प झाली.
तीही हेच करते की,
कुणाची पावलं कुठं रेंगाळतात, बघत बसते.
फक्त ते ती पुढं कुणाला विकत नाही.

तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर आलं,
पोच: अकरा हजार चारशे सहा.
'पोच म्हणजे? पावती?'
नाही गो, इतक्या लोकांपर्यंत तू पोचलीस.
'आनी घेतली कितल्यांनी?'
तिघांनी.
ती हसली नाही.
अकरा हजार माणसं समोरून गेली
आणि तिला एकाचीही पाठ दिसली नाही.

ठाण्याहून एकानं लिहिलं,
याच्या निम्म्या भावात इथं काश्मिरी मिळते, लुटता काय?
माझी बोटं शिवशिवली.
आई म्हणाली, लिही,
काश्मिरी चांगलीच असते, तीच घ्या.
आमची डोंगरावरची, फक्त पावसाच्या पाण्याची,
म्हणून थोडी होते.
मी तसंच लिहिलं. वर नमस्कार घातला.
पोच म्हणजे हेही असतं,
हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
त्यानं पाव किलो मागवली.

मग दिवाळीआधी पुण्यातल्या कुणा बाईंनी
रेशादचा मसाला वाटतानाचा व्हिडिओ टाकला,
पाट्याच्या कडेला आमची पिशवी.
एका रात्रीत चाळीस किलोची मागणी,
घरात उरलेली साडेएकोणीस.
शेजारची शाबी, खालच्या वाड्यावरची चंद्रावती,
सगळ्या सुपं घेऊन अंगणात:
'आमचीय घाल गो तुझ्या फोनात.'
आईनं प्रत्येकीची एक-एक मिरची मोडली.
दोन सुपं परत पाठवली.
चंद्रावती अजून बोलत नाही आमच्याशी.

बाजारातली आईची जागा
बांगडेवालीनं हळूहळू, टोपली टोपली करत घेतली.
आई तरी जाते, दोन किलो घेऊन,
उभ्यानं विकते.
का जातेस, विचारलं
तर म्हणते, तुझ्या त्या झाडाखाली
कुणी शिंकत नाही.

परवा सांगलीहून आवाजी निरोप आला.
सात सेकंदांचा.
आधी कागद फाटल्याचा आवाज,
मग काहीच नाही,
मग एक खणखणीत शिंक,
आणि 'अगं बाई!'

आईनं तो काजूखाली उभ्यानं तीनदा ऐकला.
फोन कानाला इतका दाबून
की गालावर त्याची कड उमटली.
मग मला परत देत म्हणाली,
'विचार तिका,
थंडी तर जावंक ना मगे?'