दान

नागपूरहून आणलेला वीस बाजूंचा फासा
पहिल्याच आठवड्यात मिलच्या कोंड्यात हरवला.
मग दहा चिंचोके फोडले, वीस फाका झाल्या.
पांढऱ्या जितक्या वर, तितकं दान.

धानाचा हंगाम सरला की वजनकाट्याची खोली रिकामी.
चावी दुर्वासच्या बापाकडे.
आम्ही चौघं, एक चार्जिंगची बत्ती,
आणि सांगणारा मी:
म्हणजे नदी मी, राक्षस मी, धर्मशाळेचा म्हातारा मी,
आणि देव सात.
सातही मीच लिहिले, आवक-जावक वहीच्या मागच्या पानांवर,
दीड दिवसात.
सातव्याला नाव सुचलं नाही. तो तसाच राहिला.

त्या जगात देवाला हाक मारली की तो ओ देतो.
जखमेवर हात ठेवला की जखम मिटते,
अकरा किंवा वर पडले तर.
तिथं पुरावा मागायची सोय नाही,
पुरावा रस्त्यानं चालत येतो
आणि कधी कधी तंबाखू मागतो.

तक्षशिलानं पुजारीण घेतली.
तिच्या पणजोबांनी घरातले देव
गावतळ्यात सोडले, त्यानंतर त्या घरात देव्हारा झाला नाही.
पण मंत्र असा रचायची
की दुर्वास खर्रा घोटायचा थांबायचा.

आणि कपाळाला अंगारा लावून येणारा हेमराज कापगते,
शनिवार धरणारा, बहिणीसाठी
(पोर्णिमाला सिकलसेल, दर महिन्याला भंडाऱ्याला रक्त),
त्यानं घेतला नास्तिक.
नाव ठेवलं नाई.
"न्हावी का बे?" दुर्वास हसला.
"न्हावी नाई. नाई."

मी म्हटलं, असा कसा नास्तिक?
इथं तर देव दिसतात, राज्या.
"दिसू दे ना. मी कुठं म्हन्तो का नाईत म्हून?
तहसीलदारबी दिसते साकोलीत.
म्हून का त्याले नवस बोलू?"

तिसऱ्या रविवारी, दलदलीत,
नाईच्या पायात विषाचा काटा मोडला.
पुजारणीनं हात पुढे केला. तो म्हणाला, नको.
पाय काळा पडत गेला, मांडीपर्यंत, मी सांगत गेलो,
आणि मग मला राहवेना,
मी आवाज जाड केला
आणि गुडघाभर चिखलात उभा केला सातवा देव.
माग, देव म्हणाला.

नाई म्हणाला, की हेमराज म्हणाला,
ते मला अजून नीट सांगता येत नाही:
"औषध होतं तुह्याजवळ, तं आधी काहून नाई देल्लं?
मांगाची वाट काहून पाह्यत होता?"

देवानं वहीची पानं चाळली.
पुढं धानाच्या पोत्यांचे आकडे होते.
तळ्यावर टिटवी ओरडून गेली.

"त्याले न सांगता करतो मी," तक्षशिला हळूच म्हणाली,
"चालते का?"
नियमात असं काही नव्हतं.
चालते, म्हटलं.
तिनं फाका ओंजळीत धरल्या
आणि डोळे खरोखरच मिटले.

नऊ.
मी मोजल्या. परत मोजल्या.
दुर्वास बत्तीची वायर हलवत होता,
उजेड गेला, आला,
तेवढ्यात अंगठ्यानं दोन फाका उलट्या केल्या.
अकरा, म्हटलं मी, जाड आवाजातच.

नाई जगला. कशानं, ते त्याला कळलं नाही.
दलदल ओलांडून तो पुढे चालू लागला,
कोणाचेही आभार न मानता,
आणि मला ते फार आवडलं.

दहाला कुलूप लावलं.
मारुतीपाशी हेमराजनं चपला काढल्या, रोजच्यासारख्या.
तक्षशिलानं त्याची सायकल धरली, रोजच्यासारखी.
आज जरा जास्तच वेळ लागला.
उद्या पोर्णिमाला न्यायचं होतं.

"काय मांगतलं बे?" दुर्वासनं विचारलं.
"नाई," तो म्हणाला, आणि सायकल घेतली.

माझ्या खिशात वीस फाका होत्या.
मी हात बाहेर काढला.